दुपारचा चौदा-एक

मे महिन्यात जळगावात दुपारी एक ते चार कोणी कोणाकडे जात नाही. पारा ४५ च्या आसपास असतो आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. माझं ठिबकच्या नळ्यांचं आणि फिटिंगचं दुकान आहे. शेतकरी सकाळी लवकर येतो, नाहीतर उन्हं कलल्यावर. मधले तीन तास शटर अर्धं खाली. त्या तीन तासांत दोन उन्हाळे मी स्ट्रेट पूल, म्हणजे टेबलावर स्टिकनं बॉल पॉकेटात घालायचा चौदा-एक नावाचा खेळ, खेळलो आणि त्यानंतर माझा सगळाच खेळ बदलला. एट-बॉल बदलला, स्नूकर बदललं, टेबलाकडे बघायची नजरच बदलली. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आमचं पार्लर एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात आहे. एक आठ फुटी पूलचं टेबल, एक बारा फुटी स्नूकरचं. पोरं दोन्हीला स्नूकरच म्हणतात. संध्याकाळी पाचनंतर तिथं पाय ठेवायला जागा नसते, पण दुपारी शेठ एकटेच कूलरसमोर बसलेले असतात. ते मला म्हणाले, "दादा, टेबल रिकामंच आहे, अर्ध्या भावात खेळा." खेळायला समोर कोणी नव्हतं. एट-बॉल एकट्यानं खेळण्यात अर्थ नाही, कारण त्यात सात बॉल आपले, सात दुसऱ्याचे आणि आठ नंबर सगळ्यात शेवटी असतो. तेव्हा मोबाइलवर बघितलेला हा जुना अमेरिकन खेळ आठवला.

नियम सोपे आहेत. पंधरा बॉल तिकोनात लावायचे. कुठलाही बॉल कुठल्याही क्रमानं मारा, प्रत्येकाचा एक गुण. फक्त कोणता बॉल कोणत्या पॉकेटात जाणार ते आधी सांगायचं. चौदा बॉल गेले की थांबायचं. पंधरावा जिथं आहे तिथंच राहतो, पांढराही, म्हणजे ज्याला स्टिकनं मारायचं तो बॉलही, जिथं थांबला तिथंच. गेलेले चौदा पुन्हा तिकोनात लागतात, फक्त टोकाची जागा रिकामी ठेवून. मग तो उरलेला पंधरावा मारायचा आणि त्याच फटक्यात पांढऱ्यानं नवा गठ्ठा फोडायचा, म्हणजे डाव न तुटता पुढे चालतो. चौदा गेले, एक राहिला, म्हणून या खेळाचं नाव चौदा-एक. १९१० साली जेरोम किओ या खेळाडूनं ही युक्ती काढली असं मानतात. त्यानंतर अमेरिकेत कित्येक वर्षं जगज्जेता याच खेळात ठरायचा. स्पर्धेत साधारण १५० गुणांपर्यंत खेळतात.

वाचायला हे सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

मी मूळचा अमळनेरचा. लहानपण कॅरममध्ये गेलं. गणपतीच्या मंडळात रात्रभर बोर्ड चालायचा आणि माझा हात चांगला होता. त्यामुळे पूलला आलो तेव्हा बॉल पॉकेटात घालणं मला अवघड गेलं नाही. कट कळायचा, कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवरून, येणारा फटका कळायचा. पण कॅरममध्ये स्ट्रायकर दर फटक्यानंतर हातात परत येतो. आपल्या रेषेवर हवा तिथं ठेवा, पुन्हा मारा. मागच्या फटक्यात स्ट्रायकर कुठं भरकटला याचा हिशेब कॅरमवाल्याला ठेवावा लागत नाही. पूलमध्ये पांढरा हातात येत नाही. तो जिथं थांबला तिथूनच पुढचं बघायचं. महाराष्ट्रातली निम्मी पोरं कॅरमवरून पूलकडे येतात आणि माझ्यासारखीच अडकतात. पहिले तीन-चार बॉल झकास जातात आणि मग पांढरा भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसतो. एट-बॉलमध्ये हे खपून जातं, कारण समोरचाही चुकतो. एकट्यानं चौदा-एक खेळताना समोर कोणीच नसतं. वहीत आकडा लिहायचा आणि पुन्हा तिकोन लावायचा, एवढंच.

माझी ती वही अजून आहे. पहिल्या आठवड्यातले आकडे असे: ४, ७, ३, ९, ६, ११, ५. अकराच्या वर काही जाईना. बॉल चुकत होते म्हणून नाही. नवव्या-दहाव्या बॉलपर्यंत सोपे बॉल संपायचे आणि उरायचे ते एकमेकांना चिकटलेले, नाहीतर कुशनला टेकलेले. सोपं ते आधी खाऊन टाकायची सवय होती. ताटात भरीत आधी संपवलं की कळण्याची भाकरी कोरडीच खावी लागते, तसं.

तेव्हापासून उलटं सुरू केलं. कुशनला चिकटलेला बॉल आधी काढायचा. दोन-तीन बॉलांचा जुडगा असेल तर तो लवकर फोडायचा, आणि फोडतानाही जवळ एखादा सोपा बॉल शिल्लक आहे ना ते बघायचं. म्हणजे जुडगा फुटल्यावर पांढरा कुठंही गेला तरी मारायला काहीतरी असतं. मी त्याला आधाराचा बॉल म्हणतो. बॉल संपत आल्यावर जुडगा फोडायला जाणं म्हणजे विहीर आटल्यावर मोटर बसवणं. फटका चांगला बसला तरी पुढे मारायला काही नसतं.

पण खरा अभ्यास शेवटच्या तीन बॉलांचा. तेरावा, चौदावा, पंधरावा. पंधरावा म्हणजे ब्रेक-बॉल, जो तसाच ठेवून गठ्ठा फोडायचा. तो तिकोनाच्या बाजूला वीतभर अंतरावर हवा आणि पांढरा त्याच्याशी कोन करून हवा. समोरासमोर सरळ रेषेत आला तर बॉल जाईल, पण पांढरा गठ्ठ्यात शिरणार नाही. कोन फार पातळ झाला तर बॉलच चुकेल. आता त्या नेमक्या कोनावर पांढरा आणायचा तर चौदावा बॉल कोणता ठेवायचा? मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो सरळ रेषेतला, ज्यावर स्टॉप शॉट मारता येतो. पांढऱ्याच्या मध्याच्या जरा खाली मारलं की पांढरा समोरच्या बॉलला लागतो आणि जागीच उभा राहतो. म्हणजे चौदावा बॉल आज जिथं आहे, तिथंच उद्या पांढरा उभा असणार. अंदाज करायचं कारणच नाही. मग तेरावा बॉल असा हवा की त्यावरून चौदाव्याच्या सरळ रेषेत येता येईल. असं मागं मागं यायचं. मला हे कळलं तेव्हा मी स्टिक टेबलावर ठेवून पाच मिनिटं नुसता खुर्चीत बसलो होतो. इतकी वर्षं मी पुढून मागं खेळत होतो.

जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या दोन दिवस आधी, मी पहिल्यांदा चौदा ओलांडले. ब्रेक-बॉल कोपऱ्यात गेला, पांढरा गठ्ठ्याच्या कडेवर आदळला आणि पाच-सहा बॉल मोकळे झाले. शेठ कूलर सोडून उठून आले. त्या डावाला २४ झाले. इतका आनंद मला कुठल्या स्पर्धेत जिंकूनही झाला नव्हता.

विली मोस्कोनी या खेळाडूनं १९ मार्च १९५४ ला ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये सलग ५२६ बॉल घातले होते. आठ फुटी टेबलावर, म्हणजे आमच्या तळघरातल्या टेबलाएवढ्याच. तो विक्रम ६५ वर्षं टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिटनं ६२६ केले. लोक बॉल मोजतात. मी चौदानं भागून बघतो. ५२६ म्हणजे सदतीस रॅक आणि वर आठ बॉल. सदतीस वेळा त्या माणसाचा ब्रेक-बॉल योग्य जागी राहिला आणि सदतीस वेळा पांढरा योग्य कोनावर आला. दुपारी एकटा टेबलाभोवती फिरताना मला तो सदतीसचा आकडाच जास्त आठवतो.

आता मुद्द्याचं. या खेळाचा बाकीच्या खेळांत उपयोग काय?

एट-बॉलमध्ये सगळ्यात जास्त. आधीचा अनुभव सांगतो. धुळ्याला एक लहान स्पर्धा होती. उपांत्य फेरीत मी एका दमात सहा बॉल घातले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सातवा लांबच्या कुशनला टेकलेला होता आणि त्याच्या आड आठ नंबर. चुकलो. समोरच्याचे दोनच बॉल होते, त्यानं शांतपणे काढले आणि आठ घातला. येताना गाडीत पारोळ्यापर्यंत मी त्याच्या नशिबाला बोल लावत होतो. आज कळतं की मी सहा बॉल घालून त्याची वाट मोकळी करून दिली होती. आपले सहा बॉल टेबलावर असतात तेव्हा ते समोरच्याच्या वाटेत उभे असतात. ते काढायचे तर शेवटपर्यंत काढायचे, नाहीतर अवघड बॉल सोडवून सेफ्टी, म्हणजे समोरच्याला काही मारता येऊ नये असा फटका, खेळायची.

चौदा-एकच्या उन्हाळ्यानंतर त्याच स्पर्धेत गेलो. या वेळी ब्रेकनंतर, म्हणजे गठ्ठा फोडायच्या पहिल्या फटक्यानंतर, आधी आठ नंबर बघितला. तो कोणत्या पॉकेटात जाईल, त्याच्या आधीचा बॉल कोणता, त्याच्या आधीचा कोणता. सात बॉल आणि आठवा, म्हणजे चौदा-एकचा अर्धाच डाव. तळघरात जे मी दुपारभर करायचो त्याच्या निम्मं काम. अंतिम फेरीपर्यंत पोचलो.

तिथं हरलो, आणि का हरलो तेही सांगायला हवं. माझा ब्रेक कमजोर पडला. स्ट्रेट पूल ब्रेकसाठी काहीच शिकवत नाही. त्यातला पहिला फटका उलट सेफ्टीचा असतो. गठ्ठ्याच्या मागच्या कोपऱ्यातल्या बॉलला पातळ लावायचं, पांढरा आणि निदान दोन बॉल कुशनला टेकवायचे आणि पांढरा फिरून वरच्या टोकाला आणून ठेवायचा. तसं झालं नाही तर दोन गुण वजा. जोर लावून गठ्ठा उधळणं, बॉलवरून उडी मारून जाणं, दोन-तीन कुशन घेऊन लपलेला बॉल गाठणं, हे सगळं वेगळं शिकावं लागतं. नाइन-बॉलमध्ये ही उणीव फार जाणवते. तिथं कायम सगळ्यात लहान आकड्याचा बॉल आधी, मग तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला का असेना. निवड आपल्या हातात नसते. पांढऱ्याला लांब पळवावं लागतं आणि चौदा-एकवाला तर वीत-दीड वीत हालचालीत रमलेला असतो. तरी एक गोष्ट तिथंही उपयोगी पडते. पुढच्या बॉलच्या कोणत्या अंगाला पांढरा यायला हवा, हे बघायची सवय. अंग चुकलं की जवळ येऊनही उपयोग नाही.

स्नूकरचं सांगायचं तर भुसावळच्या मामांबद्दल सांगावं लागेल. मामा म्हणजे नात्यातले नाहीत. रेल्वेच्या एका जुन्या क्लबात ते मार्कर होते. साहेबांचे गुण मांडायचे, टेबल ब्रशनं साफ करायचे, आणि साहेब घरी गेले की स्वतः खेळायचे. आता निवृत्त आहेत, दम्याचा त्रास आहे. मी महिन्यातून एकदा मोटरसायकलनं जातो, पंचवीसेक किलोमीटर. गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय करी ऱ्हायना भाऊ?"

मी त्यांना चौदा-एक कसा असतो ते स्टीलच्या ताटात लिमलेटच्या गोळ्या मांडून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे तर आपलं बिलियर्ड्स आहे. तीन बॉलांच्या बिलियर्ड्समध्ये मोठा खेळाडू बॉल टेबलभर पळवत नाही. लाल आणि दुसरा बॉल वरच्या टोकाला धरून ठेवतो आणि हळू हळू, बोटभर हलवत गुण काढत राहतो. मामांसाठी खेळाडू एकच, विल्सन जोन्स. पुण्यात जन्मलेला माणूस, १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स जिंकला, १९६४ ला पुन्हा जिंकला. मामा म्हणतात, त्याचा पांढरा कधी घाईत दिसायचा नाही. आणि स्नूकर तर आपल्याच बाजूचं, असं ते अभिमानानं सांगतात. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं ते सुरू केलं, आणि जबलपूर म्हणजे भुसावळहून इटारसीच्या लाइनीवर थेट गाडी.

स्नूकरला पॉटिंगमध्ये, म्हणजे बॉल पॉकेटात घालण्यात, चौदा-एकची मदत होत नाही. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा साडेबावन्न. टेबल बारा फुटी, पॉकेटची तोंडं अरुंद, कडा गोलसर. पूलमध्ये कडेला घासून आत जाणारा बॉल तिथं बाहेर उडतो. हात वेगळा बसवावा लागतो. पण स्नूकरमध्ये एक लाल, मग एक रंगीत असं आळीपाळीनं मारतात, आणि लाल बॉलांचा गठ्ठा फोडायची वेळ येते तिथं माझा उन्हाळा कामाला आला. पूर्वी मी लाल संपत आले की नाइलाजानं गठ्ठ्यावर तुटून पडायचो. आता निळ्यावर किंवा काळ्यावर कोन ठेवूनच येतो, रंग पॉकेटात आणि पांढरा लालमध्ये. तो माझा ब्रेक-बॉलच, फक्त रंग वेगळा. एक-दोन लाल मोकळे शिल्लक ठेवूनच फोडायचे, हेही तेच. मामांनी मला फक्त एक गोष्ट नवी सांगितली. गठ्ठ्यात शिरताना "गठ्ठ्यात" असं म्हणायचं नाही, कोणत्या लालच्या कोणत्या अंगाला लागणार ते बोलून दाखवायचं. न फिरणारा पांढरा बॉलला कडेनं लागला की त्या बॉलच्या वाटेशी नव्वद अंशात निघतो. घरंगळत गेलेला अर्ध्या जाडीला लागला की आपल्या वाटेपासून तीसेक अंश वळतो. एवढं माहीत असेल तर कुठं लागणार ते सांगता येतं. सांगता येत नसेल तर मारू नये, असं मामांचं म्हणणं.

सांगून मारणं. आमच्या पोरांना चौदा-एकमधलं हेच पचत नाही. संध्याकाळी कधी कधी मी त्यांना दोन रॅक खेळायला लावतो. एकानं कोपऱ्यात मारलेला बॉल दोन कुशन घेऊन मधल्या पॉकेटात गेला. बाकीचे ओरडले. मी म्हटलं, गुण नाही, बॉल बाहेर काढ, तिकोनाच्या टोकाच्या ठिपक्यावर ठेव, पाळी संपली. तो रागावला. "काका, गेला ना पण!" मला त्याचं वाईट वाटलं, कारण त्या वयात मीही असाच बोललो असतो. पण नशिबानं गेलेल्या बॉलचा गुण घेत राहिलं की आपला खेळ किती आहे हे आपल्याला कधी कळतच नाही. तोच मुलगा आता दर रविवारी सकाळी येतो. त्याचा आकडा १९ वर आहे. फाऊलला एक गुण वजा आणि सलग तीन फाऊल झाले की आणखी पंधरा वजा, हे त्यानं बाकीच्यांना स्वतःहून समजावलेलं मी ऐकलं.

माझा सगळ्यात मोठा आकडा ४३. दुसऱ्या उन्हाळ्यातला. चौदा त्रिक बेचाळीस, म्हणजे तीन रॅक पूर्ण साफ करून त्रेचाळिसावा ब्रेक-बॉलही गेला होता. त्या दिवशी सगळं जुळत होतं. चौदावा बॉल स्टॉप शॉटला आला, पांढरा जागच्या जागी थांबला, कोन हवा तसा. मी मारला. बॉल कोपऱ्यात गेला, गठ्ठा छान फुटला, बॉल टेबलभर पसरले, आणि पांढरा मधल्या दोन बॉलांना चिकटून बसला. एकाही बॉलकडे जायला वाट नाही. इतके मोकळे बॉल समोर, आणि एकही मारता येत नव्हता.

मी तिथूनच मामांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "काय व्हयनं?" मी सांगितलं. ते म्हणाले, गठ्ठ्याला कुठं लागला पांढरा? मी म्हटलं, बरोबर मधे. तिकडून नुसता श्वास ऐकू आला, मग म्हणाले, मधे लागला तर तो थांबणारच. एका अंगाला लावून फॉलो, म्हणजे पुढे घरंगळणारा फटका, ठेवायचा होता, नाहीतर स्क्रू, म्हणजे मागे फिरणारा, मग तो निघून बाहेर आला असता. मारायच्या आधी बोलला होतास का, कुठं लागणार ते?

नव्हतो बोललो. बेचाळीस झाले या आनंदात होतो.

वहीत ४३ लिहिलं, बाजूला "मधे लागला" असं लिहिलं आणि बॉल पुन्हा तिकोनात लावून ठेवले. वर आलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि दुकानासमोरच्या सावलीत यावलकडचा एक शेतकरी डोक्याला उपरणं गुंडाळून बसला होता. त्याला केळीसाठी १६ एमएमच्या लॅटरलची दोन बंडलं हवी होती.